लाल डोळ्यांचा ससा

ओल्या भुशाचा वास आला की पडेगावकडच्या एका कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. तिथं सशांचे हाल होतात अशी तक्रार आली, म्हणून आमच्या पेपरच्या बातमीदार बाई आणि फोटोला मी, असे दोघं गेलो. लालभडक डोळ्यांच्या पांढऱ्या सशाचा फोटो पाहून संपादक फोनवर म्हणाले, "रडून रडून डोळे लाल! मथळा झाला." बाई ठाम होत्या. "नाय साहेब, या सशांचे डोळे जन्मापासूनच लाल असतात. हे छापलं तर उद्या कॉलेजचा खुलासा येईल अन् आपलं खरंही खोटं ठरंल. पिंजरा छापा. त्यात सशाला धड वळताही येत नाय." पिंजराच छापला. खुलासा आला नाही, मोठे पिंजरे आले. आजही फोटोखाली ओळ लिहिण्याआधी मी स्वतःला विचारतो, डोळे मुळातच लाल नव्हते ना?