अकरा जणींची यादी
तीन मे, माळ्यावरची पत्र्याची पेटी रिकामी करत होते. तळाशी गोळ्यांच्या पाकिटाचा कात्रीने कापलेला तुकडा सापडला आणि नणंद आठवली. लग्न होऊन ती कोळशाच्या खाणीजवळच्या गावी गेलेली. एका वर्षी छातीत धडधडतं म्हणून आमच्याकडे लालबागला आली. परळच्या इस्पितळात म्हणाले, हृदय ठीक आहे, त्रास मनाचा आहे, आणि महिन्याच्या गोळ्या दिल्या. दुपारचे दोन वाजले की ती आमच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी दोन्ही हातांनी धरून उभी राहायची, कारण तिकडे त्या वेळी खाणीत सुरुंग उडायचे. निघायच्या आदल्या दिवशी ती ते पाकीट कापत बसलेली दिसली. शेजारी कागद, त्यावर तिच्या गल्लीतल्या अकरा बायकांची नावं. कुणापुढे झोप नाही, कुणापुढे हात थरथरतात, शेवटच्या नावापुढे विहिरीत उडी घ्यावीशी वाटते. "गावाचं रेशन न्यायला आलीस काय गं?" मी कात्री काढून घेतली. "या गोळ्या वाटून खायच्या नसतात. तिकडच्या डॉक्टरला दाखवा म्हणावं." ती म्हणाली, "वहिनी, तिकडचा डॉक्टर फक्त खोकल्याचं औषध देतो. त्या शेवटच्या बाईला मी शुक्रवारपर्यंत थांब म्हटलंय." मी तिला नको नको ते बोलले. तिची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी मी परळला जाऊन माझ्या नावाने केसपेपर काढला आणि यादीतली सगळी दुखणी माझी म्हणून सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" मी म्हटलं, "खाण सुरू झाल्यापासून."