आधी हेराचा प्रश्न, मग लग्न

नारळाच्या वाडीत झावळ्या गोळा करायला वाकावं, तर एक उचलून कंबर सरळ करेपर्यंत पाठीमागे आणखी दोन पडलेल्या असतात. आमच्या शेजारच्या विलासभाऊंचे किस्से तसेच. एक सांगून संपवते न संपवते, तोवर कुंपणापलीकडे दुसरा घडलेला!

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या पडवीसमोर उघडते, हा काही माझा दोष नाही. गवंड्याने ठेवली तिथे. कान मात्र माझे आहेत, ते नाकारत नाही.

विलासभाऊ म्हणजे तहसील कचेरीतून रिटायर झालेले, नागावात मागच्या अंगाला दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारे, आणि डोक्यात एकच वेड घेऊन फिरणारे गृहस्थ. तो परदेशी गुप्तहेर! मारामारी करतो पण कोटाला सुरकुती पडत नाही, तो. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून त्याचे सिनेमे येतायत आणि अजून थांबत नाहीत. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वाचणाऱ्यांतलं कोणीतरी मला प्रश्न विचारायला येईल, आणि आता ऐकून घ्यायची माझ्यात ताकद नाही.

वेड कोणाला नसतं? आमच्या ह्यांना गळ टाकून खाडीवर बसायचं वेड आहे. पण ते माशांना प्रश्न विचारत नाहीत. विलासभाऊ दिसेल त्याची चाचणी घेतात. "सांगा, बर्फातल्या सिनेमात हेराने कुलूप कशाने उघडलं?" समोरच्याला माहीत नसलं की भाऊंचा चेहरा असा फुलतो, जसं काही बढतीचं पत्रच आलं!

ऐकणारे हसतात. तुम्हीही हसा. मी मात्र चिडून सांगतेय. कारण ह्या प्रश्नांपायी त्यांच्या एकुलत्या एक केतकीचं लग्न अडून बसलं होतं. तिशी ओलांडलेली, अलिबागला शाळेत शिकवणारी, शहाणी पोर. तिने स्वतः मुलगा पसंत केला. आणि बाप म्हणतो, "आधी माझे प्रश्न!" अहो, पत्रिका आड आली तर निदान शांत करता येते. हेराची कसली शांत करणार?

*

आधी होमस्टेचं ऐका. मे महिन्यात भर दुपारी पुण्याहून एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि एक चिमुरडी. चिमुरडी एका पायावर उभी, मग दुसऱ्या पायावर. ज्याला लेकरं आहेत त्याला लगेच कळावं तिला काय हवंय.

विलासभाऊ चावी बोटावर फिरवत म्हणतात, "चावी देणारच आहे. फक्त एक सोपा प्रश्न. आमच्याकडची पद्धत आहे."

नवरा बिचारा आठवायला लागला. बायको म्हणाली, "काका, आम्ही राहायला आलोय, परीक्षेला नाही!"

"वहिनी, एकच मिनिट. हिंट देतो. पाणबुडी."

मी कुंपणावरूनच ओरडले, "अहो, पाणबुडी गेली खड्ड्यात! पोरीला इकडे पाठवा!" आणि तिला माझ्या बाथरूममध्ये नेलं.

ते लोक दोन दिवस राहिले. गेल्यावर नेटवर त्यांनी शेरा लिहिला. केतकीने मला मोबाईलवर वाचून दाखवला. 'खोली स्वच्छ. आंबोळी उत्तम. मालक नापास.'

विलासभाऊंनी काय करावं? खाली उत्तर लिहिलं, 'तुमचं उत्तरही चुकलं होतं.'

*

आमच्या आळीत नारळ काढायला दगडू येतो. मापगावचा गडी, झाडावर चढताना खारीसारखा. एकदा तो पार शेंड्यात पोचला, कोयता कमरेचा काढला, आणि खालून विलासभाऊंनी हाक मारली.

"दगडू, तू उंचावरचा माणूस. सांग, हेर बर्फाच्या डोंगरावरून उडी मारतो तेव्हा त्याच्या पाठीवर काय असतं?"

मला धडकीच भरली. एका हाताने झाड धरलेला माणूस, त्याला विचार करायला लावायचा?

दगडूने वरून खाली बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, माझ्या पाठीवर काय बी न्हाय. तुमच्या डोक्यावर नारळ हाय. बाजूला व्हा!"

बाजूला झाले, पण जाता जाता म्हणतात कसे, "उत्तर टाळलंस हां!"

*

गणपतीतला प्रकार तर सांगायलाच नको, पण सांगते.

गेल्या गणपतीत दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न, बरोबर आला तर उकडीचा मोदक, चुकला तर नुसतं खोबरं-साखर. मोदक कोणी केले? सुलभावहिनींनी. विलासभाऊंच्या बायकोने. पहाटेपासून चुलीपुढे उभं राहून. आणि वाटायचा अधिकार हेराला!

विलासभाऊंचे दोस्त बापू त्यांच्या आईला घेऊन आले. आजी नव्वदीच्या, कानाने पक्क्या, डोळ्यांनी अधू.

"आजी, सांगा बघू, पहिल्या सिनेमातला खलनायक कोण?"

"रावण," आजी म्हणाल्या.

"नाही हो. बरं, दुसऱ्यातला?"

"रावण."

"आजी, प्रत्येक सिनेमात वेगळा असतो!"

"तुला वाटतो वेगळा. नावं बदलून येतो मेला. दे मोदक."

सुलभावहिनींनी अख्खी परातच आजींच्या मांडीवर ठेवली. त्या दिवशी वहिनींच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा काहीतरी चमकलेलं बघितलं.

*

मग वहिनींना चक्कर आली. रिक्षात घालून विलासभाऊंनी आणि मी त्यांना अलिबागला दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर, बीपी बघायला वहिनींच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरत होता. तेवढ्यात विलासभाऊंचं लक्ष त्याच्या मोबाईलच्या कव्हरकडे गेलं. त्याच्यावर तोच कोटवाला!

"तुम्ही पण? मग सांगा, वाळवंटातल्या सिनेमात हेराला विष कशातून देतात?"

"सरबतातून!"

"चूक! डॉक्टर असून चुकलात!"

डॉक्टर पेटला. "काका, पैज लावा!" आणि हातातला फुगा दाबतोय, दाबतोय!

शेवटी पलंगावरून वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, आधी हवा सोडा. हात काळा पडला. विष कशातून दिलं ते मग ठरवा."

मी तिथे दोघांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नर्सने मला पाणी आणून दिलं, एवढं सांगते.

*

आता स्थळांचं.

पहिलं स्थळ पनवेलचं. मुलगा काहीच सांगू शकला नाही. बाद. केतकीला तो आवडलेला नव्हता, ती हसली.

दुसरं स्थळ उरणचं. हा मात्र तयारीचा निघाला. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. विलासभाऊंचा ऊर भरून आला. मग एका उत्तरावर अडलं. भाऊ म्हणतात बोट सिसिलीत बुडाली, मुलगा म्हणतो माल्टात. मोबाईल काढले. मुलगा बरोबर!

विलासभाऊ उठले, त्याला फाटकापर्यंत सोडायला म्हणून चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "तुम्ही हुशार आहात. पण एका घरात दोन नकोत."

तेव्हाही केतकी हसली. मला मात्र राग आला. मी तिला म्हटलं, "बाई, आज दुसऱ्याच्या पोराला घालवतोय म्हणून हसतेस. उद्या तुला हवा असलेला आला तर?"

"मंदामावशी, तेव्हाचं तेव्हा बघू."

*

आणि मग तो आला. निलेश. श्रीवर्धनचा. घरची सुपारीची वाडी, स्वतः शाळेत गणित शिकवतो. शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिरात दोघांची ओळख झालेली. बोलायला गोड, बसला की मांडी घालून बसणारा, वहिनींना "काकी, तुम्ही पण बसा ना" म्हणणारा. मी खिडकीतून पाहिलं आणि मनात पास केला.

विलासभाऊंनी विचारलं, "हेराचे कुठले कुठले सिनेमे बघितलेत?"

"काका, खरं सांगू? थिएटरात एसी लागला की मला झोप येते."

संपलं!

तरी त्या पोराचं कौतुक की त्याने प्रयत्न सोडला नाही. रविवार आला की आगरदांड्याच्या बाजूला यायला होडी पकडायची, पुढे एसटी, पुढे रिक्षा. विलासभाऊ त्याला पडवीत टीव्हीसमोर बसवायचे. पहिला बॉम्ब फुटायच्या आत पोरगा घोरायला लागायचा. बॉम्ब फुटला तरी घोरायचा! केतकी बाजूला बसून त्याच्या कानात उत्तरं घोकायची, जशी मुलाची दहावी असावी.

बापूंना दया यायची. ते विलासभाऊंच्या पाठीमागे उभे राहून हातवारे करून उत्तरं सुचवायचे. एकदा हत्ती दाखवायला त्यांनी नाकापुढे हात लोंबवला. निलेश मोठ्या आशेने म्हणाला, "सर्दी?"

आळीभर हसू. मी मात्र त्या संध्याकाळी कढईतली मासळी गॅसवर टाकून तरातरा गेले.

"विलासभाऊ, त्या पोराकडून काय हवंय तुम्हाला? मुलगी द्यायची नसेल तर तोंडाने नाही म्हणा!"

"मंदाताई, मी कुठे नाही म्हणतोय? पास होऊ दे."

"आणि नाही झाला तर? ही इथेच बसेल?"

त्यांनी रिमोट उचलला. टीव्हीचा आवाज वाढवला. घरी आले तर मासळी जळलेली. तो राग वेगळा.

*

शेवटचं असं झालं.

निलेशच्या आई स्वतः आल्या. विधवा बाई, वाडी एकटीने राखलेली, नऊवारी चापून नेसलेली. मी रव्याचे लाडू घेऊन गेले. बोलावलं नव्हतं, पण लाडवाला कोण परत पाठवतं? बापू होतेच.

चहा झाला. विलासभाऊंनी निलेशला प्रश्न टाकला. निलेशने केतकीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "माहीत नाही, काका. आणि आता खोटं खोटं शिकायचंही नाही."

त्याच्या आई उठल्या. "चल निलू. होडी चुकेल. ज्या घरात माझ्या मुलाला पोर म्हणून कोणी बघत नाही, तिथली सून मला नको."

"आई, थांबा," केतकी म्हणाली. त्यांना आई म्हणाली! मग बापाकडे वळली. "बाबा, मला विचारा."

"तुला?"

"एकच प्रश्न. बरोबर आलं तर निलेशचं नाव पुन्हा काढणार नाही. चुकलं तर मी ह्यांच्या घरी जाते."

बापूंनी कपाळाला हात लावला. कारण केतकी कधी चुकलेलीच नव्हती. चालायला लागायच्या आधी ह्या पोरीला हेराच्या पिस्तुलांची नावं पाठ. शाळेतून आल्यावर बापाने विचारायचं आणि तिने चपला काढता काढता सांगायचं. माझ्याकडे टीव्हीवर कोणी नुसता प्रश्न विचारला तरी ही त्यांच्या घरातून उत्तर ओरडते. येणारं उत्तर पोटात ठेवणं त्या बाप-लेकीला जन्मात जमलेलं नाही. आणि विलासभाऊंना ते माझ्याहून जास्त माहीत! हसले की हो ते. एवढा राग मला त्या माणसाचा आयुष्यात आला नव्हता. लाडवाचा डबा हातात होता म्हणून, नाहीतर...

"शब्द देतेस?"

"देते."

विलासभाऊंनी आधी केतकीकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. सुलभावहिनींकडे बघितलं. वहिनी कपबशा हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांनी मान फिरवली नाही.

मग म्हणाले, "हेराच्या गाडीचा रंग कोणता?"

बापूंचं तोंड उघडंच राहिलं. अहो, हा काय प्रश्न? आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत आहे! त्या रंगाच्या हौसेपायी विलासभाऊंनी स्वतःची स्कूटर हिरवीगार रंगवून घेतली, आणि ती समोर दारातच उभी होती, उन्हात चमकत.

केतकीने स्कूटरकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मी बघितलं, हिरव्यातला 'हि' तिथे आला होता. तिने दातांखाली ओठ धरला. डोळे भरून आले.

"माहीत नाही, बाबा."

निलेशच्या आई अजून दारातच उभ्या.

विलासभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ऑप्शन देणं म्हणजे कॉपी पुरवणं, असं म्हणणारा हा माणूस. आजवर डॉक्टरला दिला नाही, निलेशला दिला नाही.

"ऑप्शन देतो," ते म्हणाले. "अ, पांढरा. ब, काळा. क, हिरवा."

केतकी बापाकडे बघत राहिली.

"ड," ती म्हणाली.