कौलं बघणारी भागी

भागीनं आणि मी जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे कौलं परतणं. पावसाआधी दर साली करायचो. मी वर, ती खाली. ती एकेक कौल पुसून हातात द्यायची, फुटकं बाजूला टाकायची आणि मधेच दटावायची, "अवो, नीट बसा. पडलात तर मला उचलवायचं नाय." तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. शहापूरला नेता नेता वाटेतच गेली.

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यात तिला सगळे भागीकाकू म्हणत. शाळेत ती गेली नाही. मी तरी चौथी शिकलो. पण गाव कोण सोडणार, ते तिला आधी कळायचं.

वाशिंदला स्टेशनाजवळ नव्या बिल्डिंगी उठत होत्या, तेव्हाची गोष्ट. कॉलेजातल्या एक बाई फॉर्म घेऊन घरोघर फिरल्या. गावात राहणार की वाशिंदला खोली घेणार, एवढंच विचारायच्या. तीन वर्षांनी परत येऊन बघणार होत्या, बोलल्याप्रमाणे कोण वागलं ते. वाट दाखवायला भागी बरोबर. जो तो सांगे, गाव सोडणार नाही. भागी म्हणाली, "तोंडाला काय विचारतेस, बाय? वर बघ. ज्यानं कौलं परतली नाय, तो मनातनं गेलाच समज."

बाईंनी तेही लिहून घेतलं. तीन वर्षांनी आल्या, तर छाती ठोकून नाही म्हणणाऱ्यांपैकी ज्यांनी कौलं परतली नव्हती, त्यांच्याच घरांना कुलपं. भागीचं एकच घर चुकलं. तिथला म्हातारा आजारी होता, म्हणून कौलं राहिली होती. "आजारपण मी धरलंच नाय," ती आपणहून म्हणाली.

आमचा मुलगा वाशिंदला कारखान्यात होता, आम्हाला बोलवत होता. बाईंनी फॉर्म भरताना मी सांगितलं होतं, मेलो तरी हलणार नाही. बाईंनी वर बघितलं. कौलं नीट होती. म्हणाल्या, हे नक्की राहणार. भागी हसली.

"ते माझ्यासाठी चढतात वर. मी हाय तवर राहतील."

मला राग आला. चार माणसांत नवऱ्याबद्दल असं बोलतात का? दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

तेराव्याला मुलगा म्हणाला, बाबा, आता चला. सगळ्यांदेखत मी त्याला गप्प केलं. "मी इथंच मरणार. परत विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, खुराड्यातल्या कोंबड्या धरल्या आणि शेजारणीला नेऊन दिल्या. तिनं विचारलं, किती दिवस सांभाळू?

"राहू दे तुलाच," मी म्हणालो.