लालबागच्या उखळापाशी शिकलेली हिंदी

लालबाग आधी नाकाला कळतं. सकाळी परळला एसटीतून उतरले, पुलाखालून चालत निघाले आणि मसाल्याच्या गल्लीचं वळण यायच्या आधीच सटासट शिंका आल्या. गारगोटीच्या पुढचं आमचं गाव. तिथंही मिरची कुटतात, पण घरापुरती. इथं दोन्ही अंगांना लाल ढीग, कढयांचा धूर, आणि कुटायच्या यंत्रांची लोखंडी मुसळं उखळात धाडधाड आदळताहेत. आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना.

आमचे मालक आंब्यावरून पडले आणि अंथरुणाला खिळले, म्हणून उन्हाळ्याच्या हंगामापुरती मी कामाला आले होते. शाळा सहावीत सुटलेली. दुकानाच्या मालकीणबाई मालवणकडच्या. त्यांना सगळे काकी म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हिंदी येता?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"जीभ गिळलंस काय गो? आठ दीस बघतंय तुका. गिऱ्हायकाक तुझा बोलणा समजाक व्हया. नायतर परतीची गाडी."

मला शिकवलं दुलारीभाभीनं. ती जौनपूरची, कढईवर बसायची. मिरची परतता परतता म्हणायची, "भूनना." चाळणी हलवली की "छानना." मुसळाकडं बोट करून "कूटना." गिऱ्हाइकाला 'करा' म्हणायचं तर शेवटी 'इए' लाव: लाइए, बैठिए, देखिए. आपण करू का, असं विचारायचं तर 'ऊँ': भूनूँ? कूटूँ? दिवसभर मी तेच पुटपुटत होते. उखळाकडं बघितल्याशिवाय 'कूटना' आठवायचंच नाही. झालेली गोष्ट कशी सांगायची, असं विचारलं तर भाभी हसली. "दुकान में उसका क्या काम?" (दुकानात त्याचं काय काम?)

दुपारी काकींच्या घरून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी यायची. माझ्या पानात काकी न मागता दोन घास जास्त वाढायच्या. म्हणून तर जास्तच भीती वाटायची. इतकं करणाऱ्या माणसाला आपण कमी पडलो तर?

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी 'इए' विसरून घरच्यासारखं एकेरीत "रुक!" म्हणाले. ते पिशवी छातीशी धरून म्हणाले, "हम चोर हैं क्या, बहन?" (आम्ही चोर आहोत का, बाई?) सगळं दुकान हसलं. काकी हसल्या नाहीत. बोटं मोडत म्हणाल्या, "पाच ऱ्हवले."

सहाव्या दिवशी काळाचौकीच्या एका घरचा लसणाचा मसाला कुटून झाला आणि शीवहून एक आजीबाई आल्या. इथली रीत अशी, की गिऱ्हाईक यंत्रासमोर बसून आपला मसाला डोळ्यांदेखत कुटून घेतं. आजी स्टुलावर बसल्या, हात जोडून म्हणाल्या, "लहसुन बिल्कुल नहीं. ठाकुरजी का भोग है." (लसूण अजिबात नको, देवाचा नैवेद्य आहे.) मी ऐटीत विचारलं, "कूटूँ?" त्यांनी मान हलवली. मिरच्या ओतल्या, मुसळं सुरू झाली.

आणि कोपऱ्यातलं मिठाचं मडकं दिसलं.

लसूण झाला की मूठभर जाडं मीठ कुटून फेकायचं, मग उखळ कोरड्या फडक्यानं पुसायचं. ते काम माझं होतं. घाईत राहिलं होतं.

मसाला लालच दिसणार होता. भाजक्या मिरचीच्या ठसक्यात लसणाचा वास कुणाला येणार? काकी तराजूपाशी होत्या. दोनच दिवस उरलेले. अंथरुणावरचे मालक डोळ्यांपुढं आले, आणि मग त्या जोडलेल्या हातांकडं लक्ष गेलं.

मी बटण दाबलं. गल्लीतली बाकीची यंत्रं चालूच होती, पण मला सगळं थांबल्यासारखं वाटलं.

"रुकिए," मी म्हणाले. पुढचं येईना. "मैं... पहले... पोंछिए नहीं..." वर टांगलेली लसणाची माळ खाली ओढली, उखळ दाखवलं, फडकं दाखवलं आणि स्वतःच्या छातीवर हात मारला. "मैं. मैं."

आजींनी वाकून उखळात बघितलं. मग हळू म्हणाल्या, "चुप रहतीं तो मुझे पता भी न चलता." (गप्प राहिली असतीस तर मला कळलंही नसतं.)

काकी धावत आल्या. "अर्धो किलो मिरची घालवलंस गो माझी!" पण आजींना नवी मिरची त्यांनी स्वतःच्या पोत्यातून काढून दिली. उखळ मी तीनदा मीठ कुटून पुसलं. आजी उठल्या नाहीत, समोरच बसून राहिल्या. काकींनी तराजूपाशी जाऊन माझ्याकडं पाठ केली. भाभीनं मात्र भांडी घासता घासता माझं ते तुटकं वाक्य नीट करून दिलं. मी ते घोकलं.

आठव्या दिवशी कपड्यांचं गाठोडं बांधूनच दुकानात गेले. काकींनी गाठोड्याकडं बघितलं, फडकं माझ्या अंगावर फेकलं.

"ता ठेव थंय कोपऱ्यात. आजपासून सगळी उखळां तूच पुसायची. दुसऱ्या कोणाक हात लावूक दिव नको."

मिरगाच्या आधी परत निघाले तेव्हा त्यांनी एक डबा हातात दिला. ती वाया गेलेली मिरची त्यांनी टाकली नव्हती, लसूण घालून कुटून ठेवली होती.

"तुझी चूक आसा ती. तूच खा. आणि फुडच्या चैतात ये."

गावी पोचले. भाकरीवर तो मसाला आणि तेल घेऊन मालकांना पहिला घास दिला. लेक मागं लागली, "आई, हिंदी बोलून दाखव की."

एवढे शब्द शिकून आले होते, पण तोंडात आलं ते एकच वाक्य. "मैंने नहीं पोंछा था."

"म्हंजे गं काय?"

"म्हणजे मी पुसलं नव्हतं," मी म्हणाले, आणि तिच्या भाकरीवर चिमूटभर मसाला घातला.