बद्रीनाथनं ओढलेली वायर

आष्टीत नुसतं बद्रीनाथ म्हटलं की लोक विचारायचे, कोणता? पण 'पाणीवाला' म्हटलं की शेंबडं पोरगंही घर दाखवायचं. ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम या माणसानं जन्मभर केलं. खांद्यावर लांब दांड्याची चावी, पायात झिजलेली चप्पल, अन् कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी लागतं त्याचा सगळा हिशेब डोक्यात. कुणी नळाला चोरून मोटार लावली तर त्याला नुसत्या घरघरीवरून कळायचं. त्या दारात जाऊन उभा राहायचा अन् शिवी न देता म्हणायचा, "काढ बरं ती मोटार. पुढच्या घरी बाई हंडा घेऊन बसून राह्यली." लोक मुकाट्यानं काढायचे.

पण त्याची एक खोड होती. स्वतःच्या गल्लीला पाणी सगळ्यात शेवटी. का? तर उद्या कुणी म्हणू नये, बद्र्यानं आधी आपलं घर भरलं. आता तुम्ही म्हणाल, काय न्यायी माणूस! म्हणा बापडे. उषाबाईला विचारलं असतं तर तिनं वेगळंच ऐकवलं असतं. पाणीवाल्याची बायको अन् उन्हाळ्यात हापशावर लायनीत उभी! बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. ती हंडा भरायची अन् घरी यायची. नवऱ्यानं गावाच्या, म्हणजे लष्कराच्या, भाकरी भाजल्या अन् तिनं चुलीला जाळ घातला, असा तो संसार.

बद्रीनाथचं काम सुटलं अन् वर्षाच्या आतच उषाबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, अन् त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, "समजतंय त्यांना सगळं. शब्द तेवढे हरवलेत. रोज समोर बसून बोलतं करा, येतील हळूहळू." एकुलती एक लेक अर्पिता पुण्यात कंपनीत कामाला होती, ती सुट्टी टाकून आली. आईच्या खाटेशी बसायची, चमचा दाखवायची अन् म्हणायची, "आई, हे काय? म्हण, चमचा." उषाबाईचं तोंड वाकडं व्हायचं, मानेच्या शिरा ताठायच्या, अन् एवढ्या खटाटोपातून एक 'च' बाहेर पडायचा. पण पडायचा. होता होता 'पाणी' आलं, 'चहा' आला, 'अर्पी' आलं.

बद्रीनाथनंही बसून पाहिलं. पण तो बोलणार काय? सगळ्या संसारात दोघांचं बोलणं भाकरीचं अन् पाण्याचं. तो चमचा धरून बसला की उषाबाई त्याच्याकडे बघायची, अन् मग भिंतीकडे तोंड करायची. लेक जरा उठून गेली तरी तिची वाचा बंद. घरात अर्पिता राहिली तर आपली बायको बोलणार, नाहीतर नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

सुट्टी संपत आली. अर्पिताचं काम म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवरून गिऱ्हाइकांशी बोलायचं. साहेब म्हणाला, घरून काम कर, आमची ना नाही. पण वायरचं इंटरनेट पाहिजे, अन् आधी एक आठवडा बघणार. आवाज तुटला की परत पुण्याला. अर्पितानं बापाला समोर बसवून सांगितलं, "आबा, हे जमलं तर मी ऱ्हाते. न्हाई जमलं तर जावं लागंल." त्या दिवशी बद्रीनाथ पोटभर जेवला.

महेमूद आला. हा पूर्वी गावात टीव्हीच्या केबलचं बघायचा, आता ब्रॉडबँडची जोडणी करतो. खांबावरची लाईन पुढच्या खोलीत उतरली, तिथंच त्यानं राउटर भिंतीला ठोकला. उषाबाईची खाट मागच्या खोलीत. मधली भिंत दगडमातीची, हातभर जाड. वायफाय तिच्या अलीकडेच दम टाकायचं.

"मागं वायरच न्यावी लागंल, बद्रीभाऊ," महेमूद म्हणाला.

"वायर मी ओढतो," बद्रीनाथ म्हणाला. "लाईन टाकायचं मला नको शिकवू."

बसनं जालन्याला गेला, मस्तगडच्या बाजारातून केबलचं भेंडोळं अन् पांढरा पाईप घेऊन आला. भिंतीला भोक पाडलं, पाईप टाकला, हातहातावर क्लिपा मारल्या. कुठं वाकडं नाही की लोंबतं नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस स्वतःच्या घरासाठी लाईन ओढत होता, अन् खाटेवरून उषाबाई ते टक लावून बघत होती. महेमूदनं वायरीच्या दोन्ही टोकांना खटके बसवले, एक टोक राउटरच्या पाठीत, दुसरं अर्पिताच्या लॅपटॉपात. बारीकसा दिवा लागला. उषाबाईनं डावा हात उचलला अन् दिव्याकडे बोट केलं.

"हि...र...वा," ती म्हणाली.

अर्पिता टाळ्या पिटत नाचली. बद्रीनाथ डोळ्यांत काही गेल्याचं सांगून अंगणात गेला.

जाताना महेमूदनं बजावलं, "हे तुमच्या एका घरापुरतं हाय, भाऊ. पासवर्ड कुणाला देऊ नका." अर्पितानंही बापाला आपल्या गळ्याची शपथ घातली. बद्रीनाथनं घेतली. अन् शपथ त्यानं पाळली, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला खोटारडा समजाल.

शेजारी राधेश्यामचं किराणा दुकान. तो एवढा गोड बोलतो की त्याच्या दुकानात साखर घ्यायची गरजच नाही. आला, अंगणात टेकला. "बद्रीभाऊ, नेट घेतलं म्हणे. आमच्या टीव्हीला तेवढा पासवर्ड द्या की."

"पासवर्ड न्हाई देता येत. पोरीची शपथ हाय."

"बरोबर हाय तुमचं. मंग पासवर्ड नकोच. एक वायर द्या भिंतीवरून."

झालं! इथंच शिंकली माशी. बद्रीनाथनं विचार केला, राउटरच्या पाठीला चार तोंडं, त्यातलं एक पोरीचं. बाकीची तीन कोरडीच. पोरीला तिची वेगळी वायर थेट मागं गेलीय, तिचा नळ तिच्यापाशी. मग शेजाऱ्याला एक दिला तर कमी काय होणार? अन् हा तर शेजारी. जन्मभर ज्यानं कुणाला पाणी नाकारलं नाही, तो वायर कशी नाकारणार? अर्पिता आईला अंघोळ घालत होती, तेवढ्यात त्यानं उरलेल्या केबलचं एक टोक राउटरला दिलं अन् दुसरं भिंतीवरून पलीकडे टाकलं. खटके महेमूदचे उरलेलेच होते, ते दाबून बसवायचा चिमटा राधेश्यामच्या पुतण्याचा.

मग मागच्या आळीच्या पुष्पाबाई आल्या. उषाबाई दवाखान्यात होती तेव्हा या बाईनं घराला कुलूप-किल्ली केली होती, दोन्ही वेळचा डबा पाठवला होता. त्यांच्या नातीचा अभ्यास कॉम्प्युटरवर. "दादा, आमच्यावर बी जरा ध्यान ठिवा," एवढंच म्हणाल्या. दुसरी वायर गेली.

अर्पिताला यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं त्याच्या मनात होतं, पण पोरगी सारखी कामात. अहो, कामात कसली! तो भीत होता, सरळ बोला ना.

पुढं राधेश्यामनं काय केलं? वायर टीव्हीला लावलीच नाही. तिच्या टोकाला स्वतःचा वायफायचा डबा बसवला, अन् पासवर्ड दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला. चहापत्ती घ्या, पासवर्ड घ्या. ओट्यावर माना खाली घालून ही गर्दी! बद्रीनाथ त्या गर्दीवरून रोज जायचा-यायचा. चोरीची मोटार गल्लीच्या तोंडाशी ओळखणारा माणूस, पण या मोटारीला आवाज नव्हता.

आठवड्याचे पहिले दिवस बरे गेले. साहेब खूश. मग क्रिकेटची मॅच आली, अन् त्याच दुपारी साहेबानं अर्पिताचं काम ऐकायला घेतलं. इकडे ओट्यावर निम्मं गाव मॅच बघतंय, अन् मागच्या खोलीत अर्पिता ओरडतेय, "हॅलो, ऐकू येतंय का? हॅलो?" पडद्यावर साहेबाचं तोंड उघडं ते उघडंच. फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. उषाबाई खाटेवर घाबरून "अर्पी, अर्पी" करायला लागली. संध्याकाळी निरोप आला, सोमवारी पुण्याला हजर व्हा.

महेमूदला बोलावलं. त्यानं राउटर भिंतीवरून काढून पालथा केला अन् विचारलं, "एक वायर मागं गेली. ह्या दोन कुठं चालल्या?"

अर्पितानं वायरीच्या मागं नजर नेली. खिडकी, अंगण, भिंत. मग बापाकडे पाहिलं.

"मी पासवर्ड न्हाई दिला, बेटा," बद्रीनाथ म्हणाला. "तुझ्या गळ्याशपथ, बिलकुल न्हाई दिला."

महेमूद पलीकडे डोकावून आला. त्याला सांगायला जड जात होतं. "भाऊ, तुमी नळ दिला. राधेश्यामनं त्याला मोटार लावली."

ते मात्र बद्रीनाथला एका झटक्यात कळलं. तो होता तिथंच खाली बसला. अर्पिता चिडली असती, आदळआपट केली असती, तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आबा, एक आठवडा. फक्त एक आठवडा आपल्या घरासाठी ठिवता आलं न्हाई तुमाला?"

बद्रीनाथनं उठून दोन्ही वायरी उपसल्या. "मी बोलू का तुझ्या साहेबासंग? माझी चूक हाय म्हणून सांगतो." अर्पितानं नाही म्हणून मान हलवली. मागच्या खोलीतून उषाबाई सगळं ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं अन् डाव्या हातानं ती ते पुसत होती.

अर्पितानं ठरवलं ते धाडसाचं होतं, पण चूक नव्हतं. कंपनीजवळ खोली घ्यायची, दिवसा एक बाई ठेवायची, अन् आईला घेऊन जायचं. बापाला म्हणाली, "तुमी बी चला."

"घर कोण बघंल?" बद्रीनाथ म्हणाला.

घर! काय होतं त्या घरात बघायला? खरं म्हणजे त्याला वाटलं होतं, आपण नाही म्हटलं की यांचंही जाणं बारगळेल. 'जाऊ नका' म्हणायला त्याची जीभ कधी वळलीच नव्हती. गाडी आली, दोघांनी धरून उषाबाईला मागच्या सीटवर निजवलं, अन् गाडी परतूरच्या रस्त्याला लागली.

मग लाईन उरली एकट्या बद्रीनाथला. अर्पितानं जुना लॅपटॉप मागच्या खोलीत वायरीला लावून ठेवला होता अन् कोणतं बटण दाबायचं ते शिकवून गेली होती. दर रविवारी तो सकाळीच दाढी करून समोर बसायचा. पडद्यावर उषाबाई दिसायची. आधी शब्द आले, मग दोन-दोन शब्द जोडीनं. दरवेळी थोडी जास्त बोलायची. केस विंचरलेले, तोंडावर तजेला. बद्रीनाथनं खोलीला चुना मारला, न्हाणीत धरायला लोखंडी दांडी बसवली, खाट खिडकीशी सरकवली. हे सगळं तो पडद्यावर दाखवायचा. उषाबाई बघायची.

दिवाळीच्या तोंडावर त्यानं अर्पिताला विचारलं, "आता बराबर बोलून राह्यली ती. मंग दिवाळीला घेऊन येतीस ना? आता मी बोलत जाईन तिच्यासंग. रोज बोलंन. मला करमंना, पोरी."

एवढं तो जन्मात बोलला नव्हता. अर्पितानं मान खाली घातली. "आई, तूच सांग," म्हणून तिनं फोन आईसमोर धरला.

उषाबाई सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "मी आता हितंच ऱ्हाते."

आवाज स्वच्छ होता. पडद्यावरचं चित्र एकदाही अडकलं नव्हतं.

"आवाज तुटून राह्यला," बद्रीनाथ म्हणाला. "काय म्हणलीस, ऐकू न्हाई आलं."

उषाबाई पुढं वाकली, अन् लेकीनं शिकवलं होतं तसं एकेक शब्द सुटा करून, त्याला नीट कळावं म्हणून, तिनं पुन्हा सांगितलं. "मी. आता. हितंच. ऱ्हाते." मग विचारलं, "आलं का ऐकू?"

"आलं," बद्रीनाथ म्हणाला.