इंग्रजी पिक्चरचं शेवटचं रीळ

"आपल्याकडं असला सायेब आला ना, तर इंटरव्हलच्या आत बदली व्हईल त्याची," मागच्या रांगेतला एक जण म्हणाला.

"बदली कशाला? जावई करून घेतील," त्याचा जोडीदार म्हणाला. दोघं हसले.

नाना हसले नाहीत. पडद्यावर कुठल्याशा परदेशातला एक तरुण अधिकारी कोसळलेल्या शाळेच्या ढिगाऱ्यातून विटेचा तुकडा उचलून बोटांनी चुरत होता, आणि नाना, माझे वडील, कान माझ्या तोंडाशी आणून बसले होते. कागदावरचं इंग्रजी त्यांना कळायचं. पडद्यावरचं फार भरभर पळायचं. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, वसतिगृहात राहून शिकले. त्या इंग्रजीचा घराला काही उपयोग झाला असेल तर तो त्या रविवारी सकाळी, नगरच्या एका टॉकीजच्या बाल्कनीत. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. अंधारात कुजबुजायला मात्र जड गेलं नाही.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, यात सिमेंट नाहीच."

"बरोबर," नाना म्हणाले.

नाना ओव्हरसिअर होते. दुष्काळात पारनेरकडच्या एका गावी पाझर तलावाचं काम त्यांच्याकडे होतं. अशा तलावाच्या भिंतीखाली खडक लागेपर्यंत चर खणायचा असतो आणि तो काळ्या मातीने ठासून भरायचा असतो, नाहीतर पाणी भिंतीखालून वाट काढतं. तिथे खडक लागला नव्हता. नानांनी तसं वर कळवलं. वरून निरोप आला की पुढारी उद्घाटनाला येणार आहेत, चर बुजवा. दुष्काळ सरला, तलाव भरला आणि फुटला. खालच्या वस्तीवरची एक बाई वाहून गेली. तिने दुष्काळभर त्याच भिंतीवर मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. नाना तिला नावानिशी ओळखत होते.

आता चौकशी लागली होती. नानांनी एवढंच म्हणायचं होतं, की खडक लागला होता. मग ती नैसर्गिक आपत्ती ठरणार होती आणि सगळे सुटणार होते, नानासुद्धा. खडक लागला नव्हता म्हणाले, तर देखरेख त्यांचीच होती, नोकरी जाणार. त्यांचे साहेब स्वतः घरी येऊन हे समजावून गेले होते. "अहो, जमिनीच्या पोटात कोण बघायला जातंय," आईने केलेल्या पोह्यांवर लिंबू पिळत ते म्हणाले होते. आईला त्यांचं पटलं होतं. नाना तेव्हापासून घरात वावरायचे ते पाहुण्यासारखे.

पिक्चरला चल असं तेच म्हणाले. पोस्टरवर कुणीतरी चौकशी करणारा माणूस दिसला होता म्हणून. तो पिक्चर मी पुण्याला मैत्रिणींबरोबर पाहिला होता, पण तसं बोलले नाही. नाना मला कुठे चल म्हणाले, असं फारसं कधी होत नसे.

शेवटी शाळेच्या सिमेंटचे पैसे खाल्लेल्या मंत्र्याला त्याच्या बंगल्याच्या पायऱ्यांवरून खाली आणलं, दोन्ही बाजूंना पोलीस. खालून शिट्ट्या आल्या. मागच्या दोघांनीही टाळ्या पिटल्या. मी पुढच्या दृश्याची वाट पाहत होते. त्याऐवजी पडद्यावर झेंडा आला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. अर्धी बाल्कनी दाराकडे पळाली. नाना हात अंगाशी घट्ट धरून उभे राहिले, अगदी शेवटपर्यंत.

जिन्यात डोअरकीपर कुणाला तरी सांगत होता, "इंग्रजीचं शेवटचं रीळ आमी लावतच न्हाई. बाराच्या शोची पब्लिक दारात हुबी आसती. अन् शेवटाला नुसती बोलाबोली. कळतंय कुनाला?" नाना पुढे गेले होते. त्यांनी ते ऐकलं नाही.

त्या रिळात काय होतं ते मला माहीत होतं. अधिकाऱ्याची बदली समुद्रकाठच्या एका गावी झालेली असते. दिवसभर तो मासेमारीच्या होड्या तपासतो. एका संध्याकाळी खानावळीतल्या रेडिओवर मंत्र्याचं भाषण लागतं. तो परत मंत्री झालेला असतो. अधिकारी रेडिओ बंद करायला उठतो आणि तसाच खाली बसतो. पुण्याला मुली त्यावर कुरकुरल्या होत्या.

घरी येताना नाना सारखे बोलत होते. वेळ लागतो, पण होतं, असं काहीसं. दारात चप्पल काढतानाच त्यांनी आईला सांगितलं, "जे आहे तेच सांगणार मी." आई माझ्याकडे वळली. "काय दाखवून आणलंस गं यांना?"

चौकशीचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. पारनेरच्या डाक बंगल्यावर नानांनी जे होतं तेच सांगितलं. त्यांना फार विचारलंही नाही. चहा दिला, आभार मानले. दिवाळीच्या सुमाराला ऑर्डर आली, देखरेखीत कसूर. नाना घरी बसले. पुढे एका नातेवाइकाच्या दुकानात खिळे आणि बिजागऱ्या विकू लागले. साहेबांना बढती मिळाली. जुन्या चरावरच नवी भिंत उठली, आणि त्या बाईचा नवरा तिथे मजुरीवर होता. मी एकदा आईबरोबर बसने जाताना खिडकीतून ती भिंत पाहिली. वर गवतही आलं होतं.

पण चौकशीच्या दिवशी सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. मी नानांना सोडायला माळीवाड्याच्या स्टँडवर गेले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पारनेरच्या गाडीला गर्दी होती, एक पाय पायरीवर ठेवून ते थांबले.

"त्या पिक्चरमधल्या साहेबाला पुढे बढती मिळाली असेल, नाही गं?"

मागून कुणीतरी, "चढा की हो काका, बाकीच्यास्नी बी जायचंय," असं म्हणालं. कंडक्टरही बघत होता. मी हो म्हटलं असतं तर गाडी निघून गेली असती. काहीच बोलले नसते तरीही. पण खोट्या शेवटाच्या भरवशावर ते चौकशीत बोलणार होते, आणि खरा शेवट सांगितला तर कदाचित बोलणारच नव्हते. त्या बाईबद्दल बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

"नाही नाना," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तो हरतो. शेवटचं रीळ इथे दाखवतच नाहीत, मी पुण्याला पाहिलंय. तरी तुम्ही खडक लागला होता म्हणू नका."