बाहुल्यांमागचा प्लग

वनजाबाईंनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचाही इलाज चालत नसे. म्हैसूरच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. मुलींनी जोडलेला दिवा पेटला नाही की त्या म्हणत, "रडू नका. वीज शेवटची कुठं होती, तिथून शोधा." त्यांचे खापरपणजे राजाच्या घोडदळात होते म्हणे. बाईंच्या हाती तलवार आली नाही, टेस्टर आला.

त्या वर्षी नवरात्राच्या पहिल्याच संध्याकाळी फ्रिज बंद पडला. मिक्सर फिरेना, इस्त्री तापेना. तिन्ही प्लग मेलेले, घरातले दिवे मात्र ठणठणीत. शेषगिरी इलेक्ट्रिशियन आला. मिक्सरच्या प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटलेला बघून त्यानं मान हलवली.

"भिंतीतली वायरच गेली, अम्मा. घर फोडून नवीन टाकायला पाहिजे."

बंगळुरात राहणारा मुलगा मनोहर अशाच निमित्ताची वाट बघत होता. फोनवर म्हणाला, "एकटीच त्या जुन्या घरात राहतीस कशाला? दसऱ्याला येतोय. घर बघायला एक पार्टीपण येतेय. सामान बांधून ठेव. आयतु, ठरलं."

बाईंनी फोन ठेवला. हे घर नवराबायकोनं पोटाला चिमटा काढून बांधलेलं, आणि नवऱ्याचा शेवटचा श्वासही इथंच गेलेला. पण रडण्याचा कार्यक्रम त्यांनी पुढे ढकलला.

त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं. मिक्सरच्या प्लगच्या दुसऱ्या भोकातला टेस्टर विझला. म्हणजे वीज येत होती, फ्रिजमधून पलीकडे जात होती आणि परतायला वाट नसल्यामुळे तिथंच अडकत होती. परतीची वायर कुठंतरी सुटली होती, भिंत निर्दोष होती. बाईंनी मेन स्विच पाडून तिन्ही प्लग एकेक करून उघडले. सगळे स्क्रू घट्ट. तीन दिवस हाच खेळ चालला.

चौथ्या संध्याकाळी त्या बाहुल्यांची आरती करत होत्या; म्हैसूरकडे नवरात्रात घरोघर अशा बाहुल्या मांडतात. फळ्यांच्या पायऱ्यांवर राजाराणी बसलेले, भोवती रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत होती. बाईंचा हात थांबला. माळ पेटत होती, म्हणजे वीज शेवटची इथं होती, आणि इथूनच वायर पुढच्या तिन्ही प्लगांना जात होती. सगळे मेलेल्या प्लगांना धरून बसले, बाहुल्यांमागच्या चालत्या प्लगाकडे कुणी बघितलंच नाही. बघणार तरी कोण? बसवलेल्या बाहुल्या दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही. शेषगिरीनंसुद्धा लांबूनच हात जोडले होते. आणि पायऱ्यांखालची ट्रंक पहिल्या दिवशी गुडघ्यानं भिंतीपर्यंत रेटली होती कुणी? खुद्द वनजाबाईंनी.

शेजारच्या कमलाक्षी बाहुल्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "गोंबे काढून ठेवा की स्वल्प वेळ."

"बसलेल्यांना उठवायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी आडवी होते."

सकाळी मेन स्विच पाडून, तोंडात टॉर्च धरून अडुसष्ट वर्षांच्या वनजाबाई फळ्यांखाली पोटावर सरपटत शिरल्या. गुडघ्यांनी बोंब मारली, त्यांनी ऐकलं नाही. ट्रंकेच्या कोपऱ्यानं बोर्ड तिरका झाला होता आणि पुढं जाणारी काळी, म्हणजे परतीची वायर स्क्रूतून निसटली होती. त्यांनी तिचं जळकं टोक कापलं, तार सोलली, स्क्रू आवळला, वर नवी चिकटपट्टी गुंडाळली. वर एक बाहुलीसुद्धा हलली नाही.

मेन स्विच वर केल्यावर फ्रिज गुरगुरला. मग त्या फ्रिजला टेकून पोटभर रडल्या.

दसऱ्याला मनोहर आला. पार्टी फाटकाशी थांबली. त्यानं पाण्यासाठी फ्रिज उघडला, बाटली गार होती.

"कुणी केलं हे?"

बाईंनी त्याच्या हातात टॉर्च ठेवला. "बाहुल्यांखाली जाऊन बघ. स्वल्प वाकावं लागतंय."

तो खांद्यापर्यंत आत गेला. नवी चकचकीत पट्टी गुंडाळलेली वायर त्याला दिसली, आणि धुळीत आईच्या कोपरांनी ओढलेल्या दोन लांब रेघा. बाहेर येऊन तो शर्ट झटकत फाटकापाशी गेला आणि पार्टीला म्हणाला, "माफ करा. या घरात माझी अम्मा राहते."